विस्तवाची राखण

आमच्या घरातली चूल आई स्वतः घालायची. वैशाख सरत आला, की ओढ्याकाठची चिकणमाती पाटीभर आणायची, चाळायची, त्यात घोड्याची लीद, गव्हाचा भुसा आणि मूठभर राख मिसळून दोन दिवस भिजत ठेवायची. मग पायानं तुडवून तुडवून तिचा लोण्यासारखा गोळा व्हायचा. लीद आणि भुसा कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. आई म्हणाली, "निस्त्या मातीची चूल पयल्या जाळालाच तडकती. काडीनं माती धरून ठिवली पायजे."

चूल सावलीत आठ दिवस वाळायची. त्यानंतरही पहिल्या दिवशी तिच्यात मोठा जाळ नाही. दोन काटक्या, एक शेणी, एवढंच. आत ओल राहिली आणि एकदम जाळ केला, तर माती फुटून निखारे अंगावर उडतात, हे तिला तिच्या सासूनं सांगितलेलं. सासूला तिच्या सासूनं. आमचं गाव साताऱ्याच्या पूर्वेला, माण तालुक्यात. तिथं पाण्याची पोथी जशी प्रत्येक घराला पाठ, तशी विस्तवाचीही होती. ती कुणी लिहिली नव्हती. ती बायकांच्या तोंडात आणि हातात होती.

त्या पोथीतले नियम मला आजही पाठ आहेत. पदर खोचल्याशिवाय चुलीपुढं बसायचं नाही. चूल ओलांडायची नाही. पोराला मांडीवर घेऊन भाकरी थापायची नाही. जळण चुलीच्या तोंडाशी रचायचं नाही, हातभर लांब ठेवायचं. लाकूड जळत जळत बाहेर आलं, की लगेच आत सारायचं. तापल्या चुलीवर पाणी ओतायचं नाही. चूल तर तडकतेच, पण वाफ आधी तोंडावर येते. कण्हेरीचं लाकूड चुलीत घालायचं नाही, त्याचा धूरही विषारी. रुईला तर हातच लावायचा नाही, चीक डोळ्यांत गेला तर डोळा जायचा. आम्हा पोरांना वाटायचं, ही सगळी सोवळ्याओवळ्याची भानगड आहे. 'चुलीला पाय लावू नकोस, पाप लागंल,' असं आजी म्हणायची तेव्हा तिला पायापेक्षा परकराच्या घेराची काळजी होती, हे फार उशिरा कळलं.

चूल साफ करण्याचंही असंच. पहाटे उठल्यावर पहिलं काम राख काढायचं. रात्रीचा विस्तव राखेत झाकून ठेवलेला असायचा. पत्र्याच्या तुकड्यानं वरची राख अलगद बाजूला सारली, की खाली लाल डोळा दिसायचा. तो निखारा शेणीवर घ्यायचा, फुकणीनं फुंकायचा, की झाली चूल चालू. काड्यापेटी महाग नव्हती, पण रोज काडी ओढणं उधळेपणाचं समजायचे. ज्या घरचा विस्तव विझला, तिथली पोर शेणी घेऊन शेजारी जायची, "काकू, इस्तू द्या जरा." दिलेला इस्तू वाऱ्यावरनं उघडा न्यायचा नाही, वर दुसरी शेणी झाकून न्यायचा.

काढलेली राख लगेच उकिरड्यावर जात नसे. ती फुटक्या घागरीत दिवसभर पडून राहायची. राखेच्या पोटात निखारा किती वेळ जिवंत राहतो, ते वरून कळत नाही. फाल्गुन-चैत्रात वारं सुटलेलं असतं आणि उकिरड्यापासून कडब्याची गंजी पन्नास पावलांवर. मी लहान असताना भावकीतल्या एकाची गंजी अशीच गेली. रात्रभर आख्खं गाव घागरी घेऊन पळत होतं. सकाळी त्या घरातल्या कुणीच, राख कुणी टाकली, असं विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. ती बाई पुढं कितीतरी वर्षं राखेवर पाणी शिंपडून, हात घालून बघून, मगच बाहेर टाकायची.

थंड झालेल्या राखेला घरात मान होता. भांडी तिनं घासायची, कडधान्याचं बी तिच्यात घोळून ठेवायचं, वांग्या-मिरच्यांवर कीड पडली तर तीच उधळायची. मग शेणामातीचा बोळा घेऊन चुलीला पोतेरं फिरवायचं. हे नुसतं दिसायला नव्हतं. पोतेरं फिरवताना बोटांना तडा लागतो. तडा दिसला की लगेच बुजवायचा, कारण तड्यातून जाळ बाहेर येतो आणि वैलावरचं भांडं कलंडतं. नागपंचमीला चुलीवर तवा ठेवायचा नाही, अशी रीत. त्या दिवशी आई चुलीचे तडे बघून घ्यायची. वर्षातून एकदा यंत्र बंद ठेवून तपासतात, तसंच ते होतं.

१९७२ च्या दुष्काळात ही पोथी पार ताणली गेली. पाणी नव्हतं, तसं जळणही नव्हतं. गुरं बाजारात गेली किंवा छावणीत, त्यामुळं शेणी नाही. रानात पीकच नाही, त्यामुळं तुराट्या, धसकटं नाहीत. आई आणि काकी खडी फोडायच्या कामावर जायच्या. तिथं सुकडी मिळायची, आणि रेशनवर तांबडा मिलो. त्या मिलोची भाकरी भाजायला दिवसभर रान हिंडून पालापाचोळा आणायचा. पाचोळ्याचा जाळ भसकन होतो आणि भसकन जातो, त्याच्यापुढून उठता येत नाही. शिवाय धूर. त्या वर्षी आईच्या डोळ्यांना जे पाणी सुरू झालं ते कायमचं.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जुन्या पोथीचं मी कौतुक करतोय, पण धुरावर तिच्यात उत्तर नव्हतं. आमच्या माळवदाला चुलीच्या वर हातभर भोक होतं. पावसाळ्यात त्याच्यावर पत्रा पडायचा आणि धूर घरातच फिरायचा. आजीचा खोकला आम्ही म्हातारपणाचा समजायचो. तिनं जन्मात विडी ओढली नव्हती. हिवाळ्यात बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवली, की आजी दार चार बोटं उघडं ठेवायला लावायची. "कोंडलेला इस्तू माणसाला निजवून मारतो," म्हणायची. कोळसा बंद खोलीत जळला की कार्बन मोनॉक्साईड वायू होतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातं. आजीला वायूचं नाव ठाऊक नव्हतं, पण काम ठाऊक होतं. तिच्याच चुलीतला धूर तिची छाती रोज थोडी थोडी खात होता, हे मात्र तिला कुणी सांगितलं नाही.

सांगणारे कुठं नव्हतेच असं नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत, जिथं १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला, तिथं धूर कमी करणारी 'मगन चूल' तयार झाली होती. हैदराबादच्या प्रयोगशाळेतल्या एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या स्वयंपाकघरावर १९५३ साली पुस्तकच काढलं. पुढं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं गुजरातमधल्या खेड्यांत जाऊन चुलीपुढच्या बाईच्या श्वासात किती धूर जातो, ते यंत्र लावून मोजलं. पण माणातल्या आमच्या माळवदाखाली यातलं काही पोचलं नाही. आमच्याकडं आधी पोचला तो स्टोव्ह.

तो मुंबईहून आला. आमचे काका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. महिना-दोन महिने मुंबईत वाट बघून, शिमग्याच्या सुमाराला काका गावी आले. एक ट्रंक, एक वळकटी आणि पोत्यात गुंडाळलेला पितळी पंपाचा स्टोव्ह. हा स्टोव्ह मूळ स्वीडनचा. फ्रान्स लिंडक्विस्ट नावाच्या कारागिरानं १८९२ साली तो काढला आणि त्याच्या 'प्रायमस' या नावावरून पुढं जगभर सगळ्याच पंपाच्या स्टोव्हना लोक प्रायमस म्हणू लागले. मुंबईच्या चाळीत, एका खोलीत दहा-बारा माणसं राहायची, तिथं काका त्याच्यावर चहा करायचे.

स्टोव्ह घरात आला आणि गावातल्या बाया बघायला आल्या. वाटीत रॉकेल घालून बर्नर तापवायचा, चावी आवळायची, पंप मारायचा, की निळी ज्योत आणि घूं घूं आवाज. धूर नाही, राख नाही. काकी हरखून गेली. पावसाळ्यात ओलं जळण फुंकत बसायला नको. काकांनी तिला पेटवायचं शिकवलं. विझवायचंही शिकवलं. पण पेटलेल्या किंवा तापलेल्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतायचं नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या दृष्टीनं ते सांगायची गोष्टच नव्हती. चाळीत ते बघून बघून अंगवळणी पडलं होतं.

काकीच्या अंगवळणी मात्र चूल होती. चुलीत जळण कमी झालं की जळत्या जाळातच घालायचं असतं. चूल विझवून, गार करून कुणी जळण घालतं का?

आषाढातली संध्याकाळ होती. ज्योत मंद झाली, तसं काकीनं पंप मारून बघितला, मग चावी सैल केली, टोपण काढलं आणि बाटलीनं रॉकेल ओतलं. बर्नर लाल होता. भडका तिच्या उजव्या हातावरनं मानेपर्यंत गेला. अंगावर नायलॉनचं पातळ, तेही काकांनी मुंबईहून आणलेलं. ते जळलं नाही, वितळलं आणि कातडीला चिकटलं. आईनं धावत जाऊन तिच्यावर घोंगडं टाकलं आणि तिला जमिनीवर लोळवलं. घोंगडं लोकरीचं, ते लवकर पेट घेत नाही. हेही पोथीतलंच होतं, म्हणून काकी वाचली.

पण पुढचं चुकलं. आजीनं माझी शाईची दौत आणून हातावर ओतली. भाजलं की शाई लावायची, असाच समज होता. दुधाच्या टेम्पोतून दहिवडी, तिथून सातारा. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. शाईमुळं भाजलेलं किती खोल आहे तेच दिसेना. ती धुऊन काढताना काकीच्या किंकाळ्या वऱ्हांड्यात ऐकू येत होत्या. डॉक्टर आईला म्हणाले, "बाई, भाजलं की नुसतं गार पाणी. वीस मिनिटं, नळाखाली नाहीतर घागरीनं. दुसरं काही लावायचं नाही. शाई नाही, हळद नाही, तेल नाही." आईनं ते वाक्य पाठ केलं. पोथीत पहिल्यांदा एक नवा नियम चढला.

दुसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आला. सगळ्यांना खोलीबाहेर काढून त्यानं काकीला विचारलं, "सासू, नवरा तरास देतात का? कुणी वतलं का अंगावर?" आजीला ते फार लागलं. घरी येईपर्यंत रडत होती. "म्या लेकीवानी सांभाळली तिला." आई तेव्हा काही बोलली नाही. पुष्कळ वर्षांनी एकदा बोलली, "इचारलं ते बरंच केलं त्यानं. सगळ्यांलाच इचारायला पायजे."

तिला काय म्हणायचं होतं ते मला तेव्हाही कळलं होतं. 'स्टोव्हचा भडका उडाला' हे शब्द त्या काळात वर्तमानपत्रात वरचेवर यायचे. त्यातले काही भडके आमच्या काकीसारखे खरेच होते. काहींच्या मागं मात्र हुंडा होता, मारहाण होती, आणि स्टोव्हवर सगळं ढकलून मोकळं व्हायची सोय होती. स्टोव्ह साक्ष देत नाही. १९८३ साली दंड संहितेत ४९८-अ हे छळाचं कलम आलं आणि १९८६ साली ३०४-ब, म्हणजे लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईचा असा मृत्यू झाला आणि त्याआधी हुंड्यापायी छळ झालेला असला, तर तो हुंडाबळी मानायचं कलम. बाई जळते तेव्हा आधी विचारायचं असतं, हे कायद्याला कळायला इतकी वर्षं लागली.

काकी तीन महिन्यांनी घरी आली. उजव्या हाताची दोन बोटं आखडलेली ती आखडलेलीच. भाकरी थापायला ती डाव्या हातानं नव्यानं शिकली. आणि स्टोव्ह? काका तो ओढ्यात फेकायला निघाले होते. काकीनं अडवलं. "त्याचा काय दोष? मला सांगितलं न्हाई कुणी, हा दोष." पुढं तिनंच त्याचे नियम बांधले. स्टोव्ह पूर्ण गार झाल्याशिवाय टोपणाला हात लावायचा नाही. टाकी गळ्यापर्यंत भरायची नाही, वर हवेला जागा ठेवायची. भोक तुंबलं म्हणून पंप मारत सुटायचं नाही. हवा सोडायची, विझवायचं, मग पिन मारायची. आठवड्याला बर्नरची काजळी काढायची. सुती लुगडं, पदर खोचलेला. हे ती येणाऱ्या प्रत्येक सुनेला सांगायची, तोही हात दाखवून.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी सरकारी बिनधुराची चूल आली. १९८३ च्या सुमारास देशभर सुधारित चुलींचा कार्यक्रम सुरू झाला होता. गवंडी आला, दोन भांड्यांची चूल घातली, भिंतीतून सिमेंटचं धुराडं वर काढलं आणि गेला. पहिले सहा महिने स्वर्ग होता. आजी म्हणायची, "आता भाकरीला भाकरीचा वास येतुया." मग धूर हळूहळू परत घरात यायला लागला. वर्षभरात सगळ्या गावानं 'सरकारी चूल बाद' म्हणून मोडून टाकली. आमची टिकली, कारण काकीला संशय आला. तिनं मला माळवदावर चढवलं आणि लांब काठीला चिंध्या बांधून धुराडं आतून घासायला लावलं. घमेलंभर काजळी निघाली. महिन्या-दोन महिन्यांनी धुराडं झाडायचं, एवढं एक वाक्य गवंड्यानं सांगितलं असतं, तर गावातल्या कितीतरी चुली वाचल्या असत्या. पण तो आला तेव्हा पुरुषांशी बोलला, आणि चूल पुरुष वापरत नव्हते.

आमच्या घरातल्या विस्तवाचा सगळा इतिहास मला एवढाच दिसतो. वस्तू येत गेली, तिची राखण मागून आली. मधल्या काळाची किंमत बायकांनी दिली.

गॅस १९९८ ला आला. भावानं नंबर लावून आणला. सिलिंडर १४.२ किलोचा, लाल. शेगडी कुठं ठेवायची? बायका जन्मभर बसून स्वयंपाक करत आलेल्या, म्हणून वहिनीनं ती जमिनीवर चुलीच्या शेजारीच ठेवली. जोडायला आलेला माणूस सोप्यात बसून भावाला सगळं समजावून सांगत होता. काकी आतल्या दाराआड उभी राहून ऐकत होती. तो गेल्यावर तिनं भावाला हाक मारली. "ग्यास हवेपरास जड असतो म्हनाला नव्हं तो? म्हंजी गळला की जमिनीवरनंच सरकनार. आन् चूल तर जमिनीवरच पेटल्याली. वटा बांध." भावाला हसू आलं, पण त्यानं फरशीचा ओटा बांधला. शेगडी वर, सिलिंडर खाली उभा, चूल बाहेर पडवीत. आई मात्र कितीतरी दिवस ओट्यापुढं उभी राहून दमायची. उभ्यानं स्वयंपाक ही तिला शिक्षा वाटायची.

चार-पाच वर्षांनी एका पहाटे काकी उठली, ती वासानं. गॅसला मूळचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घाण वासाचं रसायन घालतात. रात्री उंदरानं रबरी नळी कुरतडली होती आणि रेग्युलेटर चालूच राहिला होता. वहिनी सवयीनं दिव्याच्या बटणाकडं निघाली. काकी ओरडली, "बटनाला हात लावू नगंस!" बटण चालू करताना आत बारीक ठिणगी पडते, तेवढी पुरते. तिनं अंधारात चाचपत जाऊन त्याच आखडलेल्या हातानं रेग्युलेटर बंद केला, दारं-खिडक्या सताड उघडल्या, पोरांना अंगणात काढलं, पडवीतल्या चुलीच्या विस्तवावर ओली माती टाकली. घरात त्या वेळी नऊ माणसं झोपलेली होती.

आता गावात बहुतेक घरी गॅस आहे. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर वाडी-वस्तीवरही सिलिंडर पोचले. भाव परवडत नाही म्हणून पुष्कळ ठिकाणी गॅस चहापुरता आणि भाकरी चुलीवर, असं चालतं. म्हणजे दोन्ही पोथ्या लागतात. नळी पाच वर्षांनी बदलायची, तिच्यावर तारीख असते. जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचे, काडी ओढून बघायचं नाही. ज्योत निळी हवी. पिवळी झाली, भांडी काळी पडायला लागली, की बर्नरची भोकं तुंबली समजायचं. मग रेग्युलेटर बंद करायचा, शेगडी गार होऊ द्यायची, बर्नर काढून गरम साबणाच्या पाण्यात भिजवायचे, दाभणानं भोकं मोकळी करायची, पूर्ण वाळवून मगच बसवायचे. गळती झाली तर १९०६ हा नंबर, पण तो घराबाहेर येऊन लावायचा.

आई आता ऐंशीच्या पुढं आहे. काकी तीन वर्षांपूर्वी गेली. मी सुट्टीला जातो तेव्हा रात्री दिवे मालवायच्या वेळेला आई अंथरुणातून हाक देते, "इस्तू झाकला का गं?" माझ्या भावाची सून पुण्यात शिकलेली आहे. पहिल्यांदा तिला कळेना, घरात विस्तव कुठाय. आता ती उठते, रेग्युलेटरची कळ फिरवून बघते आणि सांगते, "झाकला, आजी." मगच आई कुशीला वळते.